माझ्या नंबरवरचं बाळ

बुधवार, ७ जानेवारी

आज थेरगावच्या दवाखान्यात रुजू झाले. घरापासून जवळ, खोलीत भरपूर ऊन आणि न मागता चहा आणून देणाऱ्या आया, शालनबाई. पाचव्या महिन्यातल्या नर्सला आणखी काय हवं! लसीकरणाचा वार असल्यामुळे पहिल्याच दिवशी पायांचे तुकडे पडले. नुसती लस टोचून भागत नाही, प्रत्येक बाळ सरकारी पोर्टलवर चढवावं लागतं, आणि त्यासाठी आईबापाच्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. अगदी शेवटी कस्तुरा नावाची बिगारीकाम करणारी बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. तिच्याकडे मोबाइल नव्हता. मला घर दिसत होतं, मी माझाच नंबर टाकून मोकळी झाले. माझ्या पोटातल्या बाळाची नोंदही त्याच नंबरवर आहे. शालनबाई हसून म्हणाल्या, "बाई, आता ह्ये प्वार तुमचंच हाय." बाळ मात्र गुणी. मांडी गारठलेली होती बिचाऱ्याची, पण सुई टोचली तरी हूं की चूं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सकाळीच मेसेज आला, आपल्या बाळाचा दुसरा डोस आज आहे. नवऱ्याने, धम्मपालने, चाकणच्या कंपनीतून फोनवर चिडवलं की बारशाचा पत्ता नाही आणि डोस मात्र दुसरा. कस्तुरा काही आली नाही. डोस राहिला की वरून विचारणा होते, म्हणून सुजलेले पाय ओढत तिच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेले. ती गावी निघून गेली होती. शेजारणीने सांगितलं की कस्तुराचं बाळ डिसेंबरातच तापाने गेलं, पुरलं तेव्हा ही शेजारीण स्वतः तिथे होती.

मग मी सुई कुणाला टोचली?

कस्तुराने जाताना निरोप ठेवला होता. सिस्टरला सांगा, आता त्याला तुम्हीच बघा. मला फार भीती वाटते आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

शालनबाईंना सगळं सांगितलं. आज त्या हसल्या नाहीत. "नाव काढून टाका बाई, आजच्या आज," एवढंच म्हणाल्या. माझ्या नंबरवर दोनच नोंदी, तिचं बाळ आणि माझं. नीट बघून तिच्या बाळापुढचं बटण दाबलं, ओटीपी टाकला. नोंद निघाली. निघाली ती माझ्या बाळाची. पुन्हा भरली, पुन्हा गेली. ते बाळ मात्र यादीत तसंच आहे. जीव थकला माझा.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळपासून पोटात हालचाल नाही. गूळ खाल्ला, डाव्या कुशीवर पडून राहिले. काही नाही. धम्मपाल ओव्हरटाइमला, फोन उचलत नाही. शालनबाई धावत आल्या, रिक्षा आणायला गेल्या आहेत. बाळा, हल रे एकदा —

मेसेज. आपल्या बाळाचा डोस राहिला आहे. आपल्या —

हललं! आत्ता हललं, नक्की. हात ठेवला —

पोटात नाही. पाठीशी, पांघरुणात. पाय गार आहेत. रडत नाही, नुसतं जवळ —