पूजेतले बूट

बाबा,

काल तुमच्या नातीच्या कॉलेजातून घरात आलं ते असं: एक पदक, त्याला खर्च काही नाही; संघाचा मोठा फोटो, त्याचे दीडशे रुपये भरले; आणि वाटायला अर्धा किलो पेढे, ते मीच मागवले. तिचा मुलींचा फुटबॉल संघ यंदा विद्यापीठात पहिला आला. फोटोत सगळ्यांच्या पायांत बूट आहेत. तुमची नात कडेला कुबडी घेऊन उभी, एका पायात चप्पल, दुसऱ्याच्या गुडघ्याला पट्टा.

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी मी शिलाई मशीन आणि सायकल पुसून देवापुढे मांडली, सोबत तिचे खेळायचे बूटही. रेक्झिनचे, चामड्याचे नाहीत, म्हणून चालले. हळदकुंकू वाहिलं. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाही, हा आईचा नेम मी अजून पाळते. थोड्या वेळानं ही धावत आली. "आई, आज पहली मॅच आहे, बूट दे ना." मी म्हटलं, "आज त्याईले आराम. उद्या घे." "अगं, मेरे बदले भगवान थोडी खेलेंगे?" असं हसत म्हणाली, पण बुटांना हात लावला नाही. माझं ऐकते ती. दुसरा जोड मी कधी घेऊच दिला नव्हता, एक असताना कशाला म्हणून. मग मैत्रिणीचे, एक नंबर मोठे बूट घालून खेळली. वळताना पाय बुटातच सरकला आणि गुडघा गेला. देवाचा यात दोष नाही. देवानं बूट धरून ठेवले नव्हते.

दवाखान्याच्या बाकावर तुम्ही आठवलात. मरोद्याचं आपलं पोलाद कारखान्याचं क्वार्टर, तोच सण. तुम्ही ड्यूटीवरून येताय, पान्यावर कुंकू आणि कुंकवावर ग्रीस. मी विचारते, "बाबा, आज हत्याराले हात लावत नाही ना?" तुम्ही पाय धुता धुता म्हणता, "अवं माय, भट्टी थंडी पडली त कोन पेटवन, तुही आई? टिका लावला, हात जोडले, उचलला पाना." आतून आई म्हणाली, "देवधरम नाहीच या मानसाले." मला तेव्हा आईचंच खरं वाटलं, आणि पुढेही वाटत राहिलं.

बाकीचे सगळे सामने हिच्याशिवाय झाले. फायनल दुर्गला होती; मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेले. जिंकल्याची शेवटची शिट्टी वाजली तशा बाकावरच्या पोरी आत धावल्या. ही पण उठली, एक पाऊल टाकलं आणि परत बाकावर बसली. कॅप्टन ओरडली, "ए लंगडी, फोटो में तो आ जा." ती हसली, म्हणून मीही हसले. कॉलेजचं हे तिचं शेवटचं वर्ष आहे, बाबा.

तिनं मला अजून एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी रोज गुडघा शेकून देते, तेवढंच. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला समजते. ती शेजारच्याच खोलीत आहे, आणि मी तुम्हाला लिहून राहिली. लेकराजवळ आपली चूक कोणत्या शब्दांत कबूल करावी, तुम्हाला ठाऊक असेल तर उलट टपाली कळवा.