दोनशे चाळीस तासांची सही

घडलेले, तारखेप्रमाणे:

१. ऑक्टोबर २०१०. मासेमारी बोटींवर बसवायच्या संचांची पहिली तुकडी, नग तीनशे, आमच्या कंपनीत तयार झाली. हा संच बोटीचे नाव आणि जागा दर काही मिनिटांनी किनाऱ्यावरच्या मनोऱ्याला कळवतो. मनोऱ्याकडून ती माहिती गस्तीच्या पडद्यावर जाते.

२. डिसेंबर २०१०. खाऱ्या फवाऱ्याची चाचणी, दोनशे चाळीस तास. निकाल: उत्तीर्ण. प्रमाणपत्रावर सही माझी.

३. मार्च २०११. संच कोकणातल्या बोटींवर बसले.

४. ११ ऑक्टोबर २०११. त्यांपैकी एका बोटीचे इंजिन खोल पाण्यात बंद पडले. तिचा संच मनोऱ्यापर्यंत पोचत नव्हता. बोट एकतिसाव्या तासाला दुसऱ्या बोटीला दिसली. सात जणांपैकी सहा सापडले.

५. २ नोव्हेंबर. त्याच तुकडीतले दोन संच तपासणीसाठी माझ्या टेबलावर आले. अँटेनाच्या जोडात हिरवा गंज.

६. नोव्हेंबर. मी तीच चाचणी स्वतःच्या हाताने पुन्हा केली. बासष्टाव्या तासाला जोड गेला.

७. २८ नोव्हेंबर. सही मागे घेत असल्याचे पत्र मी कंपनीला दिले. ते पुढे गेले नाही. मी ते तपासणी कार्यालयाला थेट पाठवले. 'पुरवठादाराच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्यामार्फत यावे' असा शेरा मारून ते परत आले.

८. दुसरी तुकडी, नग सहाशे, सोमवार दिनांक २० फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच प्रमाणपत्रावर स्वीकारली जाणार आहे.

हे नोंदवून मी, मोनाली देवराव पुनवटकर, वय सत्तावीस, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी, मूळ राहणार राजूर, सध्या मुक्काम कळंब, माझ्यामागे काय कुणाचे आणि काय कसे व्हावे ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मला कुणी सांगितलेले नाही. राग आहे, पण हा कागद मी राग उतरल्यावर, तिसऱ्या मसुद्यानंतर पक्का केला आहे.

सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र करण्याचे कारण असे. १८ जानेवारीला मी आठ संच घेऊन एका मासेमारी बोटीवर चढणार आहे. मुक्काम एकवीस दिवस, रजा माझी हक्काची. मला पोहता येत नाही. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, फोनवर एकच अट घातली: घरच्यांना सांगून या. म्हणून मी राजूरला जाऊन आले.

आई, तानाबाई, तूर निवडत होती. म्हणाली, "समुद्र कायले व बाई? वर्धेच्या पाण्यात पाय टाकाले भेतेस तू."

"बोटीत पाय टाकाचा हाय, पाण्यात नाही."

"अन् बोटच गेली त?"

"गेली त किनाऱ्यावर दिसते का नाही, तेच पाह्याले चालली."

तिने सूप खाली ठेवले नाही. "मंग चादर घेऊन जाय," म्हणाली.

कलम एक. राजूरच्या माझ्या नावावरच्या जागेवर बांधलेल्या दोन खोल्या आईच्या. तिच्यानंतर बहीण ममताच्या. छपरावर अँटेनाचा लोखंडी खांब आहे. त्याचा आता उपयोग नाही, पण आईची कपडे वाळवायची तार त्याला बांधलेली आहे. खांब काढू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी ममताला. स्कूटीही तिलाच. मागचा ब्रेक कमी लागतो, हे तिला दोनदा सांगितले आहे, येथे तिसऱ्यांदा.

कलम तीन. ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगचे सामान आणि माझ्या हाताने भरलेल्या वह्या क्रमांक एक ते अकरा यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनाला द्याव्यात. वही क्रमांक बारा देऊ नये. तिची तरतूद कलम सहामध्ये आहे. मल्टिमीटर तीन वर्षांपासून चुलतभाऊ धम्मरत्नकडे आहे. तो त्यालाच राहो. माझ्यासाठी आलेल्या स्थळाला त्याने सांगितले होते, "बाई हुशार हाय, टीव्ही दुरुस्त करते." ते स्थळ पुन्हा आले नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे आणि हे त्याला वाचून दाखवावे.

कलम चार. उकंडाविषयी. हे कलम सगळ्यात नीट वाचावे.

आमची कंपनी कळंबजवळ बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. खाऱ्या फवाऱ्याचे यंत्र वेळेत मिळत नव्हते. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेची खरेदी घाईत होती, आणि पहिल्या तुकडीसाठी पुरवठादाराच्याच अभियंत्याचे प्रमाणपत्र चालेल अशी सूट नियमात दिली होती. तेव्हा मी फायबरची पेटी बनवली आणि फवारणीचा पंप लावला. पंपावर शेतात फवारणी करणारे मजूर, उकंडा आणि त्याचा भाऊ, पाळीने. मिठाचे प्रमाण मी दर चार तासांनी मोजले. दाब मोजला. तापमान मोजले. पाण्यात आणखी काय आहे हे विचारले नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी एकटीने केलेल्या चाचणीत जोड गेला, तेव्हा उकंडा पेटीत वाकून म्हणाला, "मॅडम, तुमचं पाणी डब्ब्यावर टिकूनच नाही राह्यलं. स्टिकर नाही टाकलं काय?"

"कोणतं स्टिकर?"

"पऱ्हाटीवर फवारतानी टाकतो ना, औषध पानाले धरून राहाले पाह्यजे म्हणून. एक झाकण. मागच्या साली मी दर टाकीत टाकलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगाले कायले लागते? तीस साल झाले फवारून राह्यलो."

ते चिकट द्रव्य थराथराने जोडावर बसले आणि मिठाला आत जाऊ दिले नाही. दोनशे चाळीस तास आम्ही संचांना समुद्र दाखवला, पण रेनकोट घालून. बोटीवर रेनकोट नव्हता. तरी महिनोन् महिने कुणाच्या लक्षात आले नाही, कारण बंदरात तपासला की संच बोलतो. मनोरा जवळ असतो. गंजलेला जोड दूर गेल्यावर मुका होतो. पडद्यावर मुकी बोट आणि नसलेली बोट सारखीच, आणि गस्तीच्या नावेला अशी बोट समोर दिसली तर ती संशयित.

उकंडाने त्याचे काम त्याला येते तसे मन लावून केले. चूक न विचारणारीची आहे. कोणत्याही चौकशीत त्याचे नाव पुढे करू नये. केले, तर हे कलम माझा जबाब समजावे. माझा फवारणीचा मास्क, नवे फिल्टर आणि हातमोजे त्याला द्यावेत. ते वापरायचे आहेत, खुंटीला टांगायचे नाहीत.

कलम पाच. जो सातवा माणूस सापडला नाही, त्याच्या घरी मी गेलेले नाही. पत्ता माझ्याकडे आहे. आकडे हातात आल्यावर जाईन असे ठरवले आहे. मी परतले नाही, तर माझ्या वतीने कुणी सांत्वनाला जाऊ नये. पहिल्या चाचणीची खरी हकीकत कागदावर देता येत असेल, तर ती घेऊन जावे.

कलम सहा. वही क्रमांक बारामध्ये दोन्ही चाचण्यांच्या नोंदी आहेत. तिच्याबरोबर मोहोरबंद पाकिटात माझे सही मागे घेण्याचे पत्र आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: दुसरी तुकडी थांबवावी, आणि यापुढे विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची चाचणी स्वतः करू नये. सोबतचे आठ संच पहिल्या चाचणीतलेच, स्टिकरचा थर अजून अंगावर असलेले; त्यांपैकी चार मी साबणाने धुऊन नेते आहे, चार आहेत तसेच. मी परतले, तर समुद्रावरचे आकडे जोडून पत्र स्वतः देईन.

न परतल्यास वही आणि पत्र पोचवण्यासाठी मी व्यवस्थापक म्हणून श्री. इंद्रजित उत्तरवार, उत्पादन प्रमुख आणि कंपनीचे अधिकृत स्वाक्षरीकर्ते, यांना नेमते. आमचे पटत नाही. २८ नोव्हेंबरला त्यांच्या केबिनमध्ये झालेले बोलणे असे:

"टेंडर काढून बघ, मोनाली. मिठाचा फवारा, दोनशे चाळीस तास. आपण दिले. स्टिकर टाकू नये असं कुठं लिहिलंय?"

"समुद्र स्टिकर टाकत नाही, सर."

"समुद्र टेंडरही भरत नाही. एका बोटीवरून तीनशे नग मी परत बोलावू शकत नाही. समुद्रावरचे आकडे आण, खाली सही कर. तो कागद मी पुढं नेतो."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यावर मी विश्वास ठेवते. पाच वर्षांत सही झालेला एकही कागद त्यांनी टेबलात दाबलेला मी पाहिलेला नाही. स्वतःविरुद्धचा मेमोसुद्धा ते स्वतः मालकांकडे घेऊन गेले होते.

मात्र बोट बुडाली तर आकडेही बुडतील. तेव्हा हातात फक्त बासष्टाव्या तासाची नोंद आणि माझी सही उरेल. तेवढ्यावर पत्र पुढे नेण्याची त्यांची तयारी नसेल, तर मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रभावती नगराळे व्यवस्थापक होतील. त्यांनी संमती दिली आहे. त्या वही मच्छीमारांच्या संस्थेत नेतील आणि बोटमालकांसमोर पहिल्या पानापासून वाचतील. त्यांचा आवाज मोठा आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वर ज्यांना काही मिळते त्यांच्यापैकी कुणीही साक्षीदार नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना.

सही: मोनाली देवराव पुनवटकर

साक्षीदार:
१. धरमसिंग राठोड, निवृत्त पोस्टमास्तर, कळंब
२. धावजी आत्राम, शिक्षक, मुकुटबन

ठिकाण: कळंब, जिल्हा यवतमाळ
दिनांक: रविवार, ८ जानेवारी २०१२

प्रत रवाना: श्री. इंद्रजित उत्तरवार

सर, कलम सहा तुमच्यासाठी आहे. समुद्रावरचे आकडे नसतानाही तुम्ही हे पत्र २० फेब्रुवारीच्या आत तपासणी कार्यालयाला द्याल का, हे हो किंवा नाही असे लेखी कळवावे. उत्तर शनिवार, १४ जानेवारी, सायंकाळी पाचपर्यंत मिळावे ही विनंती.