सिक्स्टनदादांच्या रायफलीची सुटी डबी

आदरणीय सिक्स्टनदादा,

आधी तब्येत विचारायची, मग हवापाणी कळवायचं आणि शेवटी आभार मानायचे, अशी पत्राची रीत आहे. पण गेल्या मंगळवारपासून माझ्या तोंडात आभाराखेरीज दुसरं काही येत नाही, तेव्हा तेच आधी. दादा, तुमचे फार उपकार झाले. कशाबद्दल, ते सांगायला थोडा वेळ लागेल (गुनेल म्हणते, थोडा म्हणजे चार पानं, तुमचीच बहीण, तिचा अंदाज चुकत नाही). आता तब्येत. डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं फोनवर कळलं, पण गुडघ्याचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही ज्याबद्दल बोलत नाही तेच दुखत असतं, असं गुनेलचं म्हणणं आहे. समुद्रकाठचा वारा सांध्यांना वाईट, असं इथे सगळे सांगतात; अर्थात सांगणाऱ्यांपैकी कोणीही जंगल सोडून समुद्राकाठी राहिलेलं नाही. आम्ही मजेत. बटाटे बरे आले. दलदलीतल्या पिवळ्या बेऱ्या यंदा जेमतेम मिळाल्या, तरी मुरंब्याच्या दोन बरण्या तुमच्या नावाने बाजूला काढल्या आहेत.

तर रायफल. मी दुधाचा टँकर चालवणं सोडलं तेव्हा, एप्रिलात, तुम्ही तुमची रायफल माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "टूरे, वापर." मी तेव्हा भरून आल्यासारखा चेहरा केला होता. आज खरं सांगतो, निम्मा चेहरा भीतीचा होता. चाळीस वर्षं मी वडिलांची रायफल वापरली. तिचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, तिच्या पोटातच असतं. गोळ्या वरून एकेक करून आत दाबायच्या, आणि काढायच्या झाल्या तर बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवणारा वरचा दांडा, मागेपुढे करत एकेक बाहेर उडवायच्या. तुमच्या रायफलीचं मॅगझिन म्हणजे खालून लागणारी आणि खालूनच निघणारी सुटी डबी (डबी हा शब्द गुनेलचा, तिच्या मते ज्यात काही ठेवतात आणि जे नंतर सापडत नाही, ती डबी). आमच्या शिकारीच्या टोळीत या प्रश्नावर दोन तट आहेत हे तुम्ही जाणताच, आणि पोटातल्या मॅगझिनवाल्यांचा म्होरक्या म्हणजे माझा शेजारी हाल्वार. शेकोटीवर कॉफीची किटली चढली की तो सुरू होतो. "जी वस्तू सुटी होते ती हरवते," तो म्हणतो. "माझं मॅगझिन हरवायचं तर आधी अख्खी रायफल हरवावी लागेल." चाळीस वर्षं मी शेजारी बसून मान डोलावली. आणि एप्रिलात मी तुमची रायफल घेऊन घरी आलो, तेव्हा हाल्वार कुंपणाशी उभा होता. त्याने रायफल पाहिली, डबी पाहिली, आणि एखाद्याने बायको सोडल्याची बातमी ऐकावी तसा तो पाठ फिरवून आत निघून गेला.

परवाना जूनमध्ये आला. पहिल्याच सरावाला, रुळावरून धावणाऱ्या लाकडी मूस-हरणावर मी नेम धरला, गोळी झाडली, आणि त्याच क्षणी डबी सुटून माझ्या बुटावर पडली. ती 'टक' असा आवाज येईपर्यंत वर दाबायची असते. मी दाबली होती, पण माझे कान टँकरमध्ये बसून बसून गेलेले, त्यामुळे 'टक' झालं की नाही ते मला कळलंच नव्हतं. यॉर्डिस (तुमच्या लेखी ती अजून लहान मुलगीच, पण आता ती अठ्ठावन्न वर्षांची आणि आमच्या टोळीची प्रमुख आहे) सगळ्यांसमोर म्हणाली, "टूरेकाका, मूस समोर आहे. तुमच्या पायाला काही झालेलं नाही ना?" जुलैमध्ये डबी तीन दिवस सापडेना. आम्ही तळघर उपसलं, कुत्र्याचं अंथरूण झटकलं, आणि ती निघाली कपडे धुण्याच्या यंत्रात, माझ्या पँटच्या खिशात, चाळीस अंशांवर धुतलेली. (रिकामी होती, काळजी नसावी. इतकं स्वच्छ मॅगझिन अख्ख्या उत्तरेत नसेल.) आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी मी रायफल घेतली, गोळ्या घेतल्या, लोणी लावलेली पातळ भाकरी घेतली, कॉफी घेतली, आणि डबी राहिली हॉलमधल्या दुसऱ्या कोटात. चौदा किलोमीटर परत. वायरलेसवर यॉर्डिस अकरा माणसांना सांगत होती की जरा थांबा, टूरेकाकांची डबी घरी विसरली आहे.  हाल्वार वायरलेसचं बटण दाबून नुसता खोकला.

पण दादा, मी अन्याय करणार नाही. त्याच दिवशी दुपारपर्यंत मला तुमचं म्हणणं पटायला लागलं होतं. गाडीत बसायच्या आधी रायफल रिकामी करायची असते, आणि दिवसातून आम्ही सहा वेळा गाडीत बसतो. वडिलांची रायफल असताना मी दर वेळी थंडीने सुन्न झालेल्या बोटांनी बोल्ट ओढत गोळ्या चिखलात उडवायचो, मग वाकून वेचायचो, आणि एक नेहमी कमी भरायची. आता एक कळ दाबली की चारी गोळ्या डबीसकट हातात. नळीतली एक काढली की संपलं. बाकीचे अजून वाकलेले असताना मी गाडीत बसून भाकरी खात होतो. शिवाय रायफल रिकामी आहे की नाही यावर वादच नाही: डबी निघाली की तिथे भोक दिसतं.

हे भोकच मंगळवारी कामाला आलं.

मंगळवारी पाऊस होता, तो धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. मी दलदलीच्या उत्तरेच्या कडेला, हाल्वार माझ्यापासून तीनशे पावलांवर पलीकडे. नऊच्या सुमाराला यॉर्डिसची कुत्री टुस्सा मूस उठवून भुंकायला लागली, आणि भुंकणं आमच्याच बाजूला सरकायला लागलं. अशा वेळी जागेवर दगडासारखं बसायचं असतं. हाल्वारला ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण त्याच्या मनात काय आलं देव जाणे, तो उठला आणि चांगला नेम मिळावा म्हणून दलदल आडवी कापून निघाला. मी त्याची केशरी टोपी झुडपांवरून जाताना पाहत होतो. मग टोपी एकदम अर्ध्या उंचीवर आली. मला वाटलं, खाली बसला. मग हाक आली. दादा, हाल्वारला मी पन्नास वर्षं ओळखतो, पण त्याने माझं नाव तसं घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी धावलो. (सदुसष्टाव्या वर्षी, दलदलीत, रबरी बुटांत, धावलो म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.) तो छातीपर्यंत चिखलात गेला होता. त्याची रायफल आणि वायरलेस दोन्ही खाली. दोन्ही हात शेवाळावर पसरलेले, आणि धरेल तिथलं शेवाळ हातात येत होतं. एकशे दहा किलोंचा माणूस. आजूबाजूला फांदी म्हणावी असं काही नाही, सगळी गुडघाभर वाळकी झुडपं. माझ्याकडे लांब अशी एकच वस्तू होती. मी पोटावर आडवा झालो, कळ दाबली, डबी काढून शेवाळावर टाकली, बोल्ट मागे ओढला, नळीतली न झाडलेली गोळी उडून पाण्यात गेली, आणि दस्त्याची बाजू मी त्याच्यापुढे सरकवली. पट्टा त्याच्या हाताला लागेल असा.

आणि तो पट्टा धरेना.

"टूरे, रिकामी आहे ना?"

"आहे! धर!"

"दाखव."

"अरे, बुडतोयस तू!"

"नळीचं टोक तुझ्या छातीवर आहे, गाढवा! दाखव आधी!"

दादा, मी ती रायफल उचलली, आडवी धरली, आणि त्या भोकातून त्याच्याकडे पाहिलं. वरून बोल्ट उघडा, खालून डबी नाही, मधे आरपार. पलीकडून हाल्वारचा एक डोळा माझ्याकडे पाहत होता. निळा, आणि फार घाबरलेला. "दिसतोयस तू," तो म्हणाला, आणि मग पट्ट्यात कोपरापर्यंत हात घातला.

वडिलांची रायफल असती तर चार वेळा बोल्ट ओढावा लागला असता. म्हणजे किती, सात-आठ सेकंद. शेकोटीजवळ बसून ते थोडेच वाटतात. पण माझी बोटं वळत नव्हती, मी धापा टाकत होतो, आणि घाईत मी तीन मोजून चार समजलो असतो हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्याच छातीवर नळीचं टोक होतं.

ओढून तो बाहेर आला नाही. पण खालीही गेला नाही. वीस मिनिटं आम्ही तसेच होतो, पट्टा त्याच्या हातात, नळी माझ्या, आणि माझा वायरलेस माझ्या पोटाखाली दबलेला, तो काढायला हात मोकळा नाही. त्याने मला बोलत राहायला सांगितलं. मला सुचेना, तेव्हा मी त्याला त्या कपडे धुण्याच्या यंत्राची गोष्ट सांगितली. तो हसला, आणि हसताना दोन बोटं आणखी खाली गेला, म्हणून मग मी गोष्ट तिथेच थांबवली. त्याच वेळी मूस आला. मोठा नर, आमच्यापासून साठ पावलांवर. थांबला, चिखलातल्या दोन म्हाताऱ्यांकडे नीट पाहिलं आणि सावकाश निघून गेला. मागून टुस्सा आली, आणि टुस्साच्या मागून, कुत्री आमच्याभोवती का घुटमळते ते पाहायला, यॉर्डिस आली. तिच्याकडे दोर होता, आणि तिने वायरलेसवर आणखी तिघांना बोलावलं. तिने, मी आणि त्या तिघांनी हाल्वारला सील माशासारखं बाहेर फरफटत आणलं. डावा बूट आत राहिला.

झोपडीत आम्ही त्याला घोंगड्यांत गुंडाळून शेगडीजवळ बसवलं. आपल्या इकडच्या रीतीने गरम कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले. बराच वेळ त्याचे दात वाजत होते. ते थांबल्यावर तो म्हणाला, "तुझ्या मेहुण्याला लिही." मी विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "लिही की हाल्वार म्हणाला, डबी चांगली आहे." मग थोडा विचार करून म्हणाला, "एवढंच. जास्त लिहू नकोस." तेव्हा हा त्याचा निरोप. जास्तीचं सगळं माझं आहे. त्याची बायको काल केक घेऊन आली, दारातच गुनेलच्या गळ्यात पडून रडली, आणि केक दोघींच्या मधे दबला. आम्ही तो चमच्याने खाल्ला. इतका चांगला केक मी खाल्लेला नाही.

दादा, माणूस वस्तू देतो तेव्हा त्या वस्तूबरोबर काय देतो आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही मला माझा शेजारी दिलात. मी चर्चमध्ये क्वचित जातो, पण रविवारी गेलो, आणि तुमचं नाव घेतलं.

गुनेलचा नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
टूरे

ता. क. डबी हरवली. मी ती शेवाळावर टाकली होती, आणि हाल्वारला बाहेर ओढताना आम्ही त्याला नेमकं तिच्यावरून ओढलं. बुधवारी पाच जणांनी काठ्यांनी दीड तास ढवळलं. हाल्वारची रायफल सापडली, मॅगझिन पोटात, जसंच्या तसं. ती तो मुद्दाम मला दाखवायला घरी घेऊन आला.

ता. क. २. गुरुवारी मी वडिलांची रायफल घेऊन गेलो आणि पहिल्याच गोळीत मूसचं पिल्लू पडलं. यावरून काही निष्कर्ष काढू नये. तुमचा वाटा फ्रीझरमध्ये आहे.

ता. क. ३. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं की ही डबी आता बनत नाही. मग यॉर्डिसने रायफलीचे जुने कागद पाहिले. त्यांत दोन डब्या लिहिल्या आहेत. तुम्ही मला एक दिलीत. मी काही विचारणार नव्हतो, पण यॉर्डिस म्हणाली, "ज्याने शिकार सोडली तो रायफल देतो. जो एक डबी ठेवून घेतो त्याने सोडलेली नसते." आस्तावहिनी गेल्यापासून तुम्ही चार हंगाम आला नाहीत. दबा धरून बसायच्या तुमच्या सातव्या जागेवर आम्ही अजून कोणाला बसवलेलं नाही. मधली सुट्टी संपली की ऑक्टोबरमध्ये शिकार पुन्हा सुरू होते. डबी पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. पोस्टमनला मी विचारून पाहिलं. सातव्या जागेवर बसायला तो तयार नाही.