अकरावा दिवस

१४ मार्च, रविवार

प्रिय चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आईने तुझी खोली झाडून कुलूप घातलंय, जणू तू कायमची गेलीस! बाबा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासता तपासता, कोणी विचारलं नसताना सांगतात, "आमची धाकटी विशेष दलाच्या निवडीला गेलीय." डेपोत मी बसखाली पडलेला असतो, तिथेही बाकीचे मेकॅनिक वाकून विचारतात, "झाली का निवड?" मी म्हणतो, "अहो, गुरुवारी सुरू होतेय!"

म्हणून हे पत्र बुधवारपर्यंत तुझ्या हाती पडायला हवं.

सहा महिने मी तुझा गुरू म्हणून मिरवलो. खरं तर नुसतं घड्याळ धरून उभा असायचो. पाण्याला घाबरणारी तू. पहिल्या दिवशी तलावाचा काठ सोडवेना. चौथ्या महिन्यात अंगावरच्या कपड्यांनिशी वीस फेऱ्या! पाठीवर वाळू घेऊन जिने चढून आलीस की धापा टाकत गणितं सोडवायला बसायचीस. "दमलं की डोकं आधी पळतं, दादा. त्याला बसायला शिकवतेय." हे मला कधी सुचलं नव्हतं.

आणि तो वीस किलोमीटरचा पल्ला. सोळाव्यावर तू बूट काढलास. मोजा रक्ताने चिकटलेला. मी गाडीचं दार उघडलं, "पुरे झालं. बस आत." तू वर पाहिलंही नाहीस. म्हणालीस, "गाडी पुढे ने, दादा. इथे उभी राहिली तर मी बसेन."

मी नेली. आरशात बघत होतो. तू पट्टी बांधलीस, उठलीस, चालायला लागलीस. गाडी वाकडीतिकडी का चालवत होतास, असं नंतर विचारलंस ना? डोळे भरले होते. रस्ता दिसत नव्हता.

चिमणे, माझ्या वेळी गाडी उभी होती.

माझ्या निवडीच्या अकराव्या दिवशी माझा गुडघा गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघा ठणठणीत होता. पहाटे आम्ही भिजून ओळीत बसलो होतो. कोणी ओरडत नव्हतं, कोणी पळवत नव्हतं. समोर माघार घेणाऱ्यांसाठी गाडी, आत कोरडी ब्लँकेटं आणि चहा. मी हात वर केला. एवढंच घडलं. मग सात वर्षं बाबांसमोर लंगडलो.

काल त्यांना सांगून टाकलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. लंगडताना तू पाय बदलायचास." थोड्या वेळाने पेपर खाली ठेवला. "तिला लिही. तिच्या उपयोगी पडेल."

तर लिहितोय. शरीर तुझं टिकेल. हात वर करावासा वाटेल ती घडी गोंगाटात येणार नाही, सगळं शांत झाल्यावर येईल. भिजलेल्या अंगाने काही ठरवू नकोस. पुढचं जेवण होऊ दे, मग ठरव. आणि तरीही परत यावंसं वाटलं, तर सरळ ये आणि खरं कारण सांग. दार मी उघडेन.

पण मी तुला चालताना पाहिलंय. मला नाही वाटत तू येशील.

तुझ्यामुळे खरं बोलायची हिंमत झालेला,
दादा