डाव्या डोळ्याच्या पापण्या

९ सप्टेंबर १९५९

आणखी एक पांढरी झाली! सकाळी आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सगळ्या पापण्या आता पांढऱ्या. उजवा डोळा अजून शाबूत आहे.

बोटांची टोकं तर दोन वर्षांपासूनच तशी. नखांभोवती पांढरंधोप — तांदळाच्या पिठात बुडवून काढल्यासारखी. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हे दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही. घाबरू नका." आईने विचारलं, "पर जाईल का?" तेव्हा ते चिठ्ठीवर औषध लिहीत बसले. औषध संपलं. डाग आहेत.

उद्या गौरी. आईने तेरड्याची लाल फुलं तुरटी घालून वाटली, माझ्या बोटांवर थापली, वर पानं गुंडाळून दोऱ्याने बांधली. म्हणाली, "कोन इचारला तर सांगायचा, गौरीसाठी रंगवली."

लहानी बघत होती. "ताई, माझी पन रंगव ना!" मला वाटलं आई ओरडेल. पण आईने लगेच तिचीही बोटं बांधली. दोघी बहिणींची सारखी दिसली की कुणाला शंका येत नाही — हे तिने बोलून दाखवलं नाही, मला कळलं.

१७ सप्टेंबर

नखांवरचा तेरडा टिकला. कातडीवरचा गेला. भांडी घासली, गेला. आता लाल नखं आणि भोवती पांढरं — आधीपेक्षा जास्त दिसतं!

२६ सप्टेंबर

एरंडेलात दिव्याची काजळी कालवून पापण्यांना लावली. चुलीपाशी बसले तर वितळून गालावर. आबा जेवत होते. त्यांनी वर बघितलंच नाही. आबांना सगळं ठाऊक आहे, पण आताशा ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. बोलायचं झालं तर माझ्यामागच्या भिंतीशी बोलतात.

२ नोव्हेंबर

भाऊबीज. कल्याणहून मामा आणि त्यांची शकू आले. शकू माझ्याच वयाची, पण दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली काम शिकते आणि कुणाला भीत नाही. मला भाताच्या कणगीमागे ओढत नेलं, पिशवीतून एक चपटी डबी काढली. आत काळी वडी — साबणाच्या चिपेएवढी — आणि दात घासायच्या ब्रशाचं पिल्लू शोभेल असा ब्रश.

"याला मस्कारा म्हणतात," शकू म्हणाली.

आई मागून आलीच होती. "कसली मस्करी?"

शकू इतकी हसली! मग तिने शिकवलं. ब्रशावर पाण्याचा थेंब. वडीवर घासायचा. खाली बघायचं, पापणी मुळापासून वर उचलायची. वाळू द्यायचं. मग परत. मी पहिल्यांदा डोळ्यातच खुपसला. दुसऱ्यांदा शिंकले. कपाळभर काळे ठिपके! तिसऱ्या वेळी शकूने माझी हनुवटी धरून ठेवली.

आरसा बघितला. दोन डोळे — सारखे. गेल्या दोन वर्षांत मी असे बघितले नव्हते. मला रडू यायला लागलं तर शकू किंचाळली, "रडू नकोस गाढवे, उतरेल!"

नखांसाठी बाटलीही आणलीय. जांभळाच्या रंगाची. "पावसाळ्यात फिका, थंडीत गडद," ती म्हणाली. "आमच्याकडे बायका असंच लावतात. आणि नख इतकं झगझगीत ठेव, की माणूस बोटाकडे बघणारच नाही."

आई म्हणाली, "शकूला बुद्धी हाय." आईने कधी शकूचं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

१२ नोव्हेंबर

रोज दुपारी कणगीमागे बसते. ब्रश आता डोळ्यात जात नाही. नखाच्या कडेला रंग गेला तर काडीला चिंधी गुंडाळून पुसते. बोटांच्या टोकांना मेंदीचा लेप देऊन वर बाटलीतला रंग लावला की हात चांगले दिसतात. लांबून. जवळून नाही.

आई परीक्षा घेते. चुलीत ओली लाकडं घालून मला फुंकायला बसवते. कांदे चिरायला लावते. धूर चालतो, कांदा चालत नाही.

२० नोव्हेंबर

विहिरीवर जनाबाई होत्या. शेजारच्याच, पण त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. घागर ओढताना माझ्या डोळ्यावर पाणी उडालं. त्या म्हणाल्या, "गो गिरजे, तुज्या डोल्यातशी कालं पानी येतंय!"

"काजळ," मी म्हटलं.

"एकाच डोल्यात?"

घागर तिथेच टाकून आले. आईने जाऊन आणली. परत आल्यावर माझ्या पाठीत धपाटा घातला, मग तिथेच बसून पाठ चोळत राहिली.

आतापासून दोन्ही डोळ्यांना लावायचं.

९ जानेवारी १९६०

सावळाराम काकांनी स्थळ आणलंय. काका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. मुरबाडकडचं घर. मुलाचं नाव कुंडलिक, भाताच्या गिरणीवर काम करतो, घरी म्हातारी आई आणि तो, बस. म्हसा गावच्या जत्रेत मुलगी बघायची ठरलीय. पौषात घरी बोलावणं नको म्हणून. जत्रेत सहज भेटल्यासारखं भेटायचं.

काकांना आईने काही सांगितलेलं नाही. मी विचारलं, "नंतर कळलं तर?" आई म्हणाली, "नंतरचा नंतर." तिच्या हातातली भाकरी मात्र फाटली.

१५ जानेवारी

म्हशाहून परत आलो. अंग अजून गाडीच्या हिसक्यांनी दुखतंय.

बैलांच्या बाजारात एवढी धूळ! धुळीचा विचारच केला नव्हता. शकू मुद्दाम आली होती. तिने घोंगडीच्या आडोशाला माझे डोळे पुन्हा केले, नखांवर दुसरा हात दिला. "डोळे चोळायचे नाहीत. काही झालं तरी!"

मिठाईच्या पालापाशी ते दोघे उभे होते. कुंडलिक उंच, कानांवर टोपी ओढलेली, आमच्याकडे न बघता बैलांकडे बघत होता. त्याच्या आईने माझा हात हातात घेतला. तिने नखं बघितली, उलटसुलट केली. "नकां कवडी रंगवलीत गो! शेरात व्हतीस काय?"

"माझं काम आहे ते," शकू मध्ये पडली. "मीच बळंबळं लावलं. जत्रा ना!"

म्हातारी हसली. "डोले मातर झाक हायेत पोरीचे. कशा दाट पापन्या!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. म्हातारीला ते लाजणं वाटलं.

डोळ्यात धूळ गेली होती. आग आग होत होती. ते वळून गर्दीत दिसेनासे होईपर्यंत मी डोळे चोळले नाहीत.

१९ जानेवारी

होकार आला.

आबांनी देवापुढे नारळ ठेवला. आणि मग — पहिल्यांदा — माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळे रंगवलेले होते.

२४ जानेवारी

लग्नाचं सगळे बोलतात, मला फक्त हळद दिसते. मांडवात पाटावर बसवतील. बायका अंगाला हळद लावतील, वरून पाणी ओततील. तोंडावरून. सगळ्यांच्या समोर. आईला सांगितलं तर म्हणाली, "डोका खाली घालून बस. सगल्याच रडतात." तिने याचाही विचार करून ठेवलाय!

३१ जानेवारी

कुंडलिक आला होता. चोळीचं माप न्यायला, असं सांगून. गावात कुणी नवरा मुलगा मापाला येतो का? सगळ्यांना कळलं, सगळे हसले. आईने मला चहा नि पाण्याचा तांब्या घेऊन मागे पेंढ्याच्या उडवीपाशी पाठवलं, लहानीला बरोबर दिलं. लहानी म्हणाली, "मी वासरू बघते," आणि लांब जाऊन उभी राहिली. शहाणी आहे.

तो म्हणाला, "गिरनीच्या आवाजात ऱ्हाऊन मला बोलायची सवय नाय. तूच बोल."

माणूस चांगला वाटला. म्हणूनच जमलं. तांब्यात पदर बुडवला आणि डावा डोळा पुसला. चांगला खसाखसा. मग बोटं पुढे केली.

तो बघत राहिला. चहा निवला.

"जल्मापासून?"

"नाय. दोन वर्सं झाली."

"दुखतं?"

"नाय."

त्याने पेंढ्याची काडी मोडली. मग म्हणाला, "मला काय नाय वाटत. डोले तुजे चांगलेच हायेत." मी उडवीला टेकले. वाटलं, संपलं! सुटले!

मग म्हणाला, "पर आयला दिसता कामा नाय. तिला नाय खपनार. तू रोज लावशील ना? ती उठायच्या आदी?"

मी मान हलवली. त्याने चहा एका घोटात प्यायला आणि हसला. तोंडभर. खरंच आनंद झाला होता त्याला.

१ फेब्रुवारी

आई खूश आहे. "त्याला चालतंय ना? मग झाला तर!"

रोज. ती उठायच्या आधी. ताप आला तर? बाळंतपणात कोण लावील? उजवा डोळा गेला तर? बोटांवरून हातावर आलं तर किती रंगवायचं?

तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

७ फेब्रुवारी

आज सुपारी फुटायची होती. लिहिते. सगळं लिहिते.

ओटी भरून पाहुणे. सकाळी आईनेच माझे डोळे केले, आता तिलाही येतं. नवं लुगडं. बाहेरून मला बोलावणं आलं तेव्हा मी म्हटलं, पाणी पिऊन येते. मागल्या दारी गेले. रांजणातलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. एकदा, दोनदा. पदराने स्वच्छ पुसलं. ब्लेडने नखांवरचा रंग कालच खरवडला होता, बोटांवर नुसती मेंदी होती ती घासली. जेवढी निघाली तेवढी निघाली.

बाहेर येऊन पाटावर बसले. हात मांडीवर, उघडे.

म्हातारी कुंकवाची कोयरी घेऊन वाकली. थांबली. तिचं बोट माझ्या कपाळाजवळ तसंच राहिलं. "ह्या काय?"

मीच बोलले. "डाग हायेत. म्हशाला झाकले व्हते. दुसऱ्याला लागत नाय, डॉक्टर म्हनले."

"कुंडलिक! तुला ठावं व्हता?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने एकदाच वर बघितलं. "नाय," म्हणाला.

म्हातारीने बोट पदराला पुसलं. पाहुणे न जेवता उठले. शिजवलेला भात गड्यांनी नेला. सावळाराम काका अंगणात उभे राहून ओरडत होते, "माजी मान कापलीस वैनी! माजी मान!" आबा ओटीवरून हलले नाहीत.

आईने मला मारलं नाही. मारायला हवं होतं. भिंतीला डोकं टेकून बसली आणि सारखं एकच म्हणत राहिली, "येक डाव हलद लागू द्यायची व्हतीस गो. येक डाव."

९ फेब्रुवारी

विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलतात. जनाबाई तेवढ्या थांबल्या.

झोप मात्र गाढ लागली. खोटं कशाला लिहू?

१२ फेब्रुवारी

सावळाराम काका परत आले! मला वाटलं, भांडायला. पण आवाज खाली. आबांजवळ बसले, पान लावलं.

"तेंचा म्हनना हाय, ठरलेला मोडायचा नाय. धाकटीला द्या. ती सोच्च हाय ना?"

लहानीला! तिला अजून पंधरावं लागायचंय. सातवीच्या फायनलला बसणार आहे, मी घरी गणितं घेते तिची. आतल्या खोलीत पाढे म्हणत होती, तिचा आवाज ओटीपर्यंत येत होता.

मी बाहेर येऊन म्हटलं, "कुंडलिकला चालतंय?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो आयच्या सबदाभायेर नाय."

आबांनी पान चघळलं. मग म्हणाले, "हां."

त्या क्षणी मला आबांचा राग नाही आला, भीती वाटली. ते भिंतीकडे बघून हां म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते तसेच आता लहानीकडेही बघणार नाहीत. सोमवारी ते लोक तिला बघायला येणार — बघायला म्हणजे तपासायला. हात, पाय, पाठ. म्हातारी स्वतः तपासणार म्हणे.

लहानीने मला विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "वर्गमुळं येत नाहीत ना, ती बघू."

१३ फेब्रुवारी

आईशी बोलले. म्हटलं, माझ्यासाठी गप्प राहिलीस, तिच्यासाठी राहू नकोस. आई भांडी घासत राहिली. राख, पाणी, राख, पाणी. शेवटी मीच उठले.

१४ फेब्रुवारी

आसनगाव स्टेशन. उद्या सोमवार. मामांकडे जायला कल्याणची गाडी यायचीय. लहानी शेजारी पुस्तक उघडून बसलीय, पण पान उलटत नाही.

सकाळी आबा शेतावर गेले आणि आईनेच आम्हाला एस्टीत आणून बसवलं. फडक्यात भाकरी, लहानीची पुस्तकं — सगळं तिने आधीच बांधून ठेवलं होतं. मी म्हटलं, आबा विचारतील.

आई म्हणाली, "इचारू दे. सांगीन, मीच धाडल्या."