सिमावची मुले

अल कुसैस, दुबई
३ नोव्हेंबर २००१

ती. पॉलिनताईस,
धाकट्या कॅस्मिरचा सा. न. वि. वि.

काल मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्यात शुक्रवार, म्हणून चर्चमधले आम्ही पंधरा-वीस जण शारजाच्या वाटेवरची जुनी दफनभूमी साफ करायला गेलो होतो. लॉयड आणि जेनिस, दोघा पोरांनाही नेलं. सगळ्या पाट्या इंग्रजी नाहीतर मल्याळी. पार कोपऱ्यात माझ्या छातीएवढा एक चौकोनी दगडी खांब होता. त्याच्यावरची धूळ झाडली तर खाली अक्षरं मराठी.

त्यावर लिहिलंय : बस्त्याव तुस्कानो, गाव गास, वसई. सन १९४८ मध्ये शिडाच्या पडावाने येथे आला. आमच्या घराण्यातला येथला पहिला. त्याच्या वर त्याचे वडील जुजे आणि आजोबा इनास. खाली पत्नी मारी, मुलगा सिमाव. त्याखाली 'सिमावची मुले' एवढंच, आणि पुढे कोरलेल्या चार रिकाम्या रेघा.

ताई, सिमाव म्हणजे आपले बाबा. इथे आले आणि दुसरं घर करून राहिले असं ज्यांच्याबद्दल सगळा गाव म्हणत आला, त्या आपल्या आजोबांची ती कबर आहे.

जवळच मोहिद्दीन नावाचे पंचाहत्तरीचे रत्नागिरीकर राहतात. ते आजोबांबरोबर एका खोलीत राहायचे. त्यांनी सांगितलं की आजोबा गवंडी होते. दुसऱ्या उन्हाळ्यात छाती भरली, आणि आपण यातून उठत नाही हे त्यांना कळलं. मग दर शुक्रवारी बसून हा दगड त्यांनी स्वतः कोरला. पन्नास साली ते गेले. मोहिद्दीनचाचांनी एका पडाववाल्याजवळ निरोप दिला होता, पण तो पडाव मुंबईला पोचलाच नाही.

जेनिसने इंग्रजीत विचारलं की आपल्या नावांसाठी जागा कोणी ठेवली.

बाबांना तू सांग. फोनवर मला जमणार नाही. मला आजवर सांभाळून घेतलंस, तसंच पुढेही घे.

तुझा,
कॅस्मिर


गास, वसई
१९ नोव्हेंबर २००१

चि. कॅस्मिरला पॉलिनताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. अवघड काम ताईच्या गळ्यात घालायची तुझी खोड काही गेली नाही.

बाबा जेवत होते तेव्हा वाचून दाखवलं. ते ताटावरून उठले आणि वाडीत गेले. आजीला बायका विहिरीवर काय काय ऐकवायच्या हे त्यांनी लहानपणी ऐकलंय. आजोबांसाठी चर्चमध्ये प्रार्थनेची एक मिस्सा झाली नाही, कारण मेले की आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आजी गेली तेव्हाही बाबांनी कबरीवरच्या घरच्या क्रुसावर त्यांचं नाव घालू दिलं नाही, हे तुला आठवत असेल.

तिसऱ्या दिवशी म्हणाले की एका नावाची माणसं पुष्कळ असतात. तो दगड खरंच त्यांच्या बापाचा असेल तर त्यावर आणखी एक नाव असलं पाहिजे. कोणाचं, ते सांगायला तयार नाहीत. मलाही माहीत नाही. तू पुन्हा जाऊन नीट बघ. पोरांना माझे पापे दे, आणि त्यांना मराठीत चार ओळी लिहायला लाव, म्हणजे माझा जीव निवेल.

तुझी,
पॉलिनताई


अल कुसैस
८ डिसेंबर २००१

ती. पॉलिनताईस सा. न. वि. वि.

काल वर्कशॉपमधून फावडं आणि ब्रश घेऊन गेलो. खांबाचा खालचा हातभर भाग वाळूत बुजलेला होता. तो मोकळा केला आणि पाणी ओतलं. नाव निघालं.

'मुलगी रोजा, जन्म १९४९.' आणि त्याखाली, 'रोजाची मुले.' तिच्यासाठीही चार रेघा, बाबांच्या रेघांएवढ्याच लांब.

आपल्याला आत्या होती, ताई? बाबांनी कधी कसं सांगितलं नाही? त्यांना एवढंच सांग की नाव आहे. व्हिजिट व्हिसाचे कागद भरायला घेतलेत, इन्शाल्ला मार्चपर्यंत होईल. ते यायला तयार होतील असं काही कर. आम्हा सगळ्यांना तुझ्या प्रार्थनेत ठेव.

तुझा,
कॅस्मिर


अल कुसैस
२३ मार्च २००२

चि. पॉलिन हिस बाबांचे अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. विमानात कान दुखले, बाकी त्रास नाही. नातवंडे इंग्रजीत बोलतात, मी मराठीत बोलतो, आमचे बरे चालले आहे.

काल दगड पाहिला. रोजाबद्दल तू तीन महिने विचारते आहेस, ते लिहितो. वडील पडावाने दुबईला निघाल्यावर पाच महिन्यांनी ती जन्मली. आईने मास्तरांकडून तसे पत्र लिहून घेतले. चाळिसाव्या दिवशी ती तापाने गेली. पुरायला नेताना तिची पेटी माझ्या मांडीवर होती. ते मात्र आईने कळवू दिले नाही, एकटा माणूस खचेल म्हणाली. त्यामुळे शेवटपर्यंत त्यांच्या लेखी मुलगी वाढत होती. तिला मुले होतील म्हणून त्यांनी रेघा ओढल्या.

किसन नावाचा कारागीर कॅस्मिरने आणला होता. माझ्या नावाखाली तुझे आणि कॅस्मिरचे, मग लॉयड आणि जेनिसचे नाव त्याने घातले. बरोबर चार रेघा भरल्या. रोजाची मृत्यूची तारीख घालू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणालो. त्यांनी लिहिले तसे राहू दे.

मोहिद्दीनभाई माझा हात धरून उभे होते. वडिलांना पुष्कळ बोलायचे असे ठरवून मी आलो होतो. पण दगडावर वय लिहिले आहे, एकोणतीस. आपल्या कॅस्मिरपेक्षा लहान. एवढ्या लहान पोराला काय बोलणार? मी दगडावरून हात फिरवला आणि तू दमलास, आता झोप, असे त्याला म्हणालो.

रविवारी गासच्या चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा सांग. नाव पूर्ण वाचायला लाव, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे.

तुझ्यावर जीव असणारा,
बाबा