समुद्राकडची खिडकी

आई, तुला नमस्कार, आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

आम्ही इथे मजेत आहोत. खोली लहान असली तरी हवेशीर आहे. गावातली सगळी घरं समुद्राकडे पाठ करून बांधलेली आहेत. समुद्राकडे खिडकी तेवढी आमच्याच खोलीला, म्हणून मी हट्टाने हीच घेतली. घरमालकीण म्हणाली होती, "बघ बाई, इथे कुणी टिकत नाही." मला वाटलं, लोक वाऱ्याला कंटाळत असतील.

तुझे जावई मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतात. विहिरीत उतरायला घाबरणारा माणूस, हसू नकोस! या खेपेला त्यांना यायला जरा उशीर झालाय. वादळ फार मोठं नव्हतं म्हणे. बाकीच्या बोटी आल्या.

दादाचं बाळ बसायला लागलं का गं?

मी खिडकीतच बसून असते. काल घरमालकीण आली. तिने एक जाड चादर खिडकीवर खिळ्यांनी ठोकली आणि माझ्याजवळ बसून भाजी निवडायला लागली. तिच्या घराला समुद्राकडे खिडकी का नाही, ते मी विचारलं नाही.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

ती गेल्यावर मी एका कोपऱ्यातला खिळा काढून ठेवलाय.

तुझी,
थोरली लेक